सात चिंचोके आणि एक वही

प्रिय जीएमबाई,

पत्र वाचलं. तू जीएम, म्हणजे रोलप्ले खेळात जग आणि कथा चालवणारी गेममास्टर, आणि बाकीचे एकेक पात्र होऊन खेळणारे. घोडबंदर रोडच्या सोसायटीचं क्लबहाउस, रविवारी चार ते आठ, पाच खेळाडू, आणि खेळ उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या श्रीस्थानकात, म्हणजे जुन्या ठाण्यात. अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहिलं तो 1060 च्या आसपासचा काळ तू धरला आहेस, म्हणजे खाडी, गलबतं आणि येऊरचं जंगल सगळं हाताशी आहे. अडचण एवढीच, की चांगली कथा रंगवणाऱ्याला तू दर सेशनला 50 एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, जास्त देतेस, त्यामुळे दोघं भराभर पुढे गेले आणि तिघं मोबाइल बघत बसले.

आधी एक्सपीचा हिशेब बघ. तुझा खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स. त्याच्या पाचव्या आवृत्तीत पात्राला दुसऱ्या लेव्हलला, म्हणजे ताकदीच्या पुढच्या पायरीवर, जायला 300 एक्सपी लागतात आणि तिसऱ्या लेव्हलला 900. मधलं अंतर 600 चं. सहा सेशन सलग बोनस मिळाला तर 300 होतात, म्हणजे अर्धी लेव्हल निव्वळ बोलण्यावर. पुढे चौथ्या लेव्हलचे 2700 आणि पाचव्याचे 6500 आले की मधे 3800 चं अंतर पडतं आणि तिथे तुझे 50 कोणाच्या खिजगणतीत नसतात. सुरुवातीला जे बक्षीस जड पडतं तेच नंतर हलकं होतं. शिवाय मागे पडलेल्या पात्राला लढाईत मार जास्त बसतो, मग तो खेळाडू आणखीच गप्प होतो. म्हणून लेव्हल सगळ्यांची एकदम वाढव, कथेतला मोठा टप्पा आला की. बक्षीस दुसऱ्या खिशातून दे.

तो दुसरा खिसा म्हणजे एक वाटी आणि तिच्यात सात चिंचोके. पाच खेळाडू आणि चार तास, एवढ्याला सात पुरतात. दहा ठेवलेस तर किंमत राहत नाही, आणि पाच ठेवलेस तर ‘प्रत्येकाला एक’ असा वाटा पडून सगळे आपापली पाळी मोजत बसतात. एका वेळी एकाकडे एकच. सेशन संपलं की न वापरलेले चिंचोके वाटीत परत. हा शेवटचा नियम कडक ठेव, नाहीतर लोक ते शेवटच्या राक्षसासाठी राखून ठेवतात आणि तो राक्षस यायला सहा महिने लागतात.

चिंचोक्याचा उपयोग काय? मूळ खेळात यालाच इन्स्पिरेशन म्हणतात. 2014 च्या नियमांत ते फासा टाकण्याआधी खर्च करावं लागतं, मग दोन डी-ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंचे फासे, टाकून मोठा आकडा घ्यायचा. 2024 च्या नियमांत आधी फासा टाकायचा आणि नको वाटला तर तो एकदा पुन्हा टाकायचा, दुसरा आकडा मात्र पदरात घ्यावाच लागतो. तू 2024 चा घे. पहिल्यात, एकाच फाशाने काम झालं असतं तरी चिंचोका जातो आणि खेळाडू हळहळतो. ताकद दोन्हीची सारखीच: 11 किंवा वर हवे असतील तर शक्यता 50 टक्क्यांवरून 75 वर जाते, 15 किंवा वर हवे असतील तर 30 वरून 51 वर. थेट 20 च हवा असेल तर 5 वरून जेमतेम 9.75 वर. हे तुझ्या खेळाडूंना एकदा सांगून टाक, म्हणजे ते अशक्य उडीवर चिंचोका उधळणार नाहीत.

आता खरा प्रश्न, चिंचोका कशासाठी द्यायचा. सगळं इथेच बिघडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

छान आवाज काढला, डोळ्यांत पाणी आणलं, पाच मिनिटं स्वगत म्हटलं, यासाठी देऊ नकोस. अभिनयाचं कौतुक हशातून आणि टाळीतून होतंच, त्याला वर मजुरी कशाला? आपल्याकडे आणखी एक खोच आहे. ठाण्याच्या टेबलावर मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात फिरते, आणि ज्याचं इंग्रजी सफाईदार त्याचं वर्णन आपोआप ‘कथेसारखं’ वाटतं. दुसरा अडखळत म्हणतो, ‘माझा नाखवा तलवार खाली ठेवतो आणि पोराला आधी उचलतो.’ चिंचोका दुसऱ्याचा. तृतीयपुरुषी बोलला, एका ओळीत आटपला, तरीही. त्याने शत्रूला निसटू दिलं, म्हणजे पात्राच्या स्वभावापायी स्वतःचं नुकसान सोसलं, आणि त्यातून पुढचं दृश्य उभं राहिलं.

हे झालं पहिलं कारण. नुकसान मात्र स्वतःचं हवं. ‘माझं पात्र तसंच आहे’ म्हणत सोबत्यांच्या थैल्या मारणाऱ्याला काही मिळत नाही, कितीही रंगवून सांगो. फेट नावाच्या खेळात ही गोष्ट सुरेख बांधली आहे: पात्राच्या स्वभावातून अडचण येते तेव्हा जीएम पॉइंट पुढे करतो. खेळाडूने अडचण स्वीकारली तर पॉइंट त्याचा, नाकारली तर उलट त्यालाच एक मोजावा लागतो. दंडाचा भाग तू सोड, पण पुढे करण्याची पद्धत उचल. चिंचोका बोटाने टेबलावर सरकव आणि विचार, ‘तुझ्या नाखव्याला सावकाराचा माणूस दिसलाय. ओळख देणार?’

दुसरं कारण म्हणजे दुसऱ्याच्या पात्राला वाव देणं. कोणी म्हणालं, ‘ताम्रपट वाचायला आपल्या कारकुनाला बोलवा, त्याचे वडील कोरायचे ना?’, तर चिंचोका बोलवणाऱ्याला. दोन महिन्यांत गप्प खेळाडूला खुलवण्याचं काम इतर चौघं करायला लागतात. तुझे मोबाइलवाले तिघं यानेच टेबलाकडे वळतील, तुझ्या आर्जवांनी नाही.

तिसरं, जगात खपणारा तपशील घालणं. समज, एकजण म्हणाली, ‘ओहोटी लागलीय, त्यांचं गलबत गाळात रुतणार.’ तू हे ठरवलं नव्हतंस. तरी ‘हो’ म्हण, कारण खाडीत हे पटतं: भरती ते भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटं, तेव्हा ऐन ओहोटीत रुतलेलं गलबत काही तास हलत नाही. लगेच पुढचं वाक्य जोड: ‘तुमचंही हलणार नाही.’ तपशील खरा ठरला आणि त्याची किंमतही लागली. फुकटची सुटका मागणारा तपशील, उदाहरणार्थ ‘या कुलपाची किल्ली माझ्या आत्याकडे असते’, सरळ नाकारू नकोस. आत्या असू दे, किल्लीही असू दे. आत्या तीन वर्षं बोलत नाही, एवढं घाल.

द्यायचा तो लगेच आणि मुकाट्याने दे. दृश्य थांबवून ‘वा, किती छान रोलप्ले’ म्हणालीस की पुढचा माणूस तुझ्याकडे बघून खेळायला लागतो, आणि वीस मिनिटं बाकीचे चौघं प्रेक्षक होतात.

चिंचोके तेवढ्या दिवसापुरते. महिनोन्महिने टिकणारं बक्षीस वहीत असतं. पानावर चार रकाने आख: तारीख, तपशील, कोणाचा, कधी परत आला. खेळाडूने जगात टाकलेली गोष्ट दोन सेशनच्या आत परत आणायची. ओहोटी ओळखणाऱ्या मुलीला पुढच्या खेपेला बंदरावरचा वाटाड्या तिच्या पात्राच्या नावानेच हाक मारतो, एवढंही पुरतं. एका खेळाडूचे तीनपेक्षा जास्त धागे उघडे ठेवू नकोस, तुलाच आवरणार नाहीत. मोठ्या टप्प्यावर मोठं काही दे. शिलाहारांचे ताम्रपट ठाण्यात सापडलेले आहेत, तेव्हा कार्डशीटवर तसाच एक दानपट लिही आणि पात्राला एक गाव दे. +1 तलवार, म्हणजे फाशाच्या आकड्यात एक वाढवणारी जादूची तलवार, दोन लेव्हलनंतर विसरली जाते. गाव विसरलं जात नाही, कारण पुढच्या आठवड्यात गावकरी बांध फुटल्याची तक्रार घेऊन दारात उभे राहतात.

बॅकस्टोरीबद्दल, म्हणजे पात्राच्या आधीच्या आयुष्याबद्दल, थोडक्यात: दहा ओळी, त्यात एक माणूस, एक देणं आणि एक जागा. सहा पानं लिहिणाऱ्याला जादूची वस्तू देऊ नकोस. वाशीहून ट्रान्स-हार्बर लोकलने येणाऱ्या, आठवडाभर नोकरीत पिचलेल्या खेळाडूकडे सहा पानांचा वेळ नसतो, आणि त्याचा दंड त्याने का भरायचा? मागच्या वेळी काय झालं हे सांगायचं काम मात्र आळीपाळीने दे. पाच मिनिटं, त्याला सुरुवातीलाच एक चिंचोका. अशा वेळी वाटीत सहाच उरतात, आठवा घालू नकोस.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेव. डंजन वर्ल्ड नावाच्या खेळात सेशनअखेर सगळे मिळून प्रश्नांची उत्तरं देतात, जगाबद्दल नवं महत्त्वाचं काही कळलं का वगैरे, आणि दर ‘हो’ ला प्रत्येकाला एक्सपी मिळतो. तुझ्याकडे लेव्हल एकत्र वाढते, तेव्हा एकच प्रश्न पुरे: आज दुसऱ्या कोणाच्या कोणत्या गोष्टीमुळे खेळ पुढे सरकला? उत्तरात ठरावीक क्षण हवा. ‘सगळेच मस्त’ चालणार नाही. दोन मित्र दर वेळी एकमेकांचंच नाव घेऊ लागले, तर मागच्या खेपेचं नाव पुन्हा घ्यायचं नाही असं ठरव. ही उत्तरं थेट वहीत लिही, पुढच्या सेशनची तयारी तिथूनच निघते.

पहिल्या दोन रविवारी तू स्वतःच द्यायला विसरशील. आठ वाजता वाटीत पाच उरले तर समज, की तू नकाशात अडकली होतीस. म्हणून वाटी तुझी टिपणं झाकणाऱ्या पडद्याच्या आड ठेवू नकोस, टेबलाच्या मधोमध ठेव. आणि जुन्या 50-50 एक्सपीचं काय, तर मागे पडलेल्या तिघांना पुढच्या सेशनच्या आधी बाकीच्या दोघांच्या बरोबरीला आणून सोड. दोघांचं काढून घेऊ नकोस.

कळावे,
तुझी ताई

ता. क. चिंचोके अख्खे घे, फोडलेले नको. फोडलेल्याची एक बाजू पांढरी असते, आणि फासे हातात असलेली माणसं त्यांचं उलटं-सुलटं खेळत बसतात.