'जीवितहानी'मधले 'जीवित' कोणते?

एका वाचकाने विचारले आहे : "'पुरात मोठी जीवितहानी झाली' असे आपण लिहितो. जीवित म्हणजे जिवंत ना? मग जिवंतांची हानी म्हणजे काय, जखमी? मेलेल्यांसाठी 'जीवहानी' हा शब्द जास्त बरोबर नाही का? आणि गुरेढोरे मेली तर ती जीवितहानीत धरायची की वित्तहानीत?"

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे आणि मला सगळ्यांत जवळचा वाटतो. पण आधी पहिला.

इथे 'जीवित' हे विशेषण नसून नाम आहे. 'जीव्' या धातूला 'त' प्रत्यय लागून 'जीवित' झाले. त्याचा एक अर्थ जिवंत, आणि नपुंसकलिंगी नाम म्हणून दुसरा अर्थ जगणे, आयुष्य, प्राण. मराठीने हे नाम चांगले सांभाळले आहे. 'जीविताचे सार्थक झाले', 'हेच त्यांचे जीवितकार्य' असे आपण म्हणतो, तेव्हा जिवंत कार्य असा अर्थ कुणी लावत नाही. जीवितहानी म्हणजे तशीच प्राणांची हानी. हिंदीत 'जीवित' जिवंत या अर्थाने येतो, आणि हिंदी बातम्या कानावर पडून पडून आपलाही घोटाळा होतो. 'जीवहानी' चूक नाही, पण रुळलेला शब्द असताना तो बदलायचे कारण मला दिसत नाही.

लिहिताना 'जिवीतहानी', 'जिवितहानी' अशी रूपे सर्रास दिसतात. 'जिवंत', 'जिवाचा' यांतला ऱ्हस्व 'जि' हाताला सवयीचा झालेला असतो, म्हणून. जीवित तत्सम आहे : जी दीर्घ, वि ऱ्हस्व. 'हानी' एकटा किंवा शेवटी आला की दीर्घ, पण समासात आधी आला की ऱ्हस्व : हानिकारक.

आता जोडीदार शब्द. 'वित्त' म्हणजे पैसा एवढेच आपण जाणतो, पण 'विद्' म्हणजे मिळणे, सापडणे, यावरून तो आला आहे. वित्त म्हणजे जे मिळवले ते. 'जीवित' आणि 'वित्त' एकाच घडणीचे आहेत, दोन्हींत तोच 'त' प्रत्यय. एक जगलेले, एक मिळवलेले. 'जीवित व वित्त' ही जोडी ज्याने कुणी बसवली त्याचा कान मोठा तयार असला पाहिजे.

ही दोन मापे वेगळी का ठेवायची, ते दोन त्सुनामी शेजारी मांडल्या की कळते. २६ डिसेंबर २००४ च्या हिंदी महासागरातल्या त्सुनामीत सव्वादोन लाखांहून अधिक माणसे गेली. वित्तहानी सुमारे १० अब्ज डॉलर. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये १५ हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले, आणि वित्तहानी जपान सरकारच्या अंदाजाने १६.९ लाख कोटी येन, म्हणजे सुमारे २१० अब्ज डॉलर. ज्याच्याकडे मिळवलेलेच थोडे, त्याची वित्तहानी कागदावर थोडीच भरते. होडी आणि जाळी गेलेल्या कोळ्याचे सगळे वित्त गेलेले असते, पण त्या आकड्यात ते दिसतही नाही. म्हणून नुसता वित्तहानीचा आकडा देणारी बातमी मला अपुरी वाटते.

जखमींबद्दलची शंका मात्र रास्त आहे. इंग्रजीतल्या 'कॅज्युअल्टी' या शब्दात मृत आणि जखमी दोन्ही येतात, काही वेळा बेपत्ताही. जीवितहानीत फक्त मृत. किल्लारीच्या भूकंपात सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे १६ हजार जखमी झाली. इंग्रजीत कुणी चोवीस हजार कॅज्युअल्टी लिहिले आणि भाषांतर करणाऱ्याने 'चोवीस हजारांची जीवितहानी' केले, तर मृतांचा आकडा तिप्पट होतो. शिवाय हानी मोजून सांगायची गोष्ट नव्हे. 'पाच जीवितहानी' हे मराठी नाही. 'पाच जणांचा मृत्यू झाला' असे सरळ लिहावे.

आता गुरांचे. त्याच भूकंपात १५,८५४ जनावरे मेली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर गाव गाढ झोपलेले. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर जड मातीचे माळवद. ते खाली आले तेव्हा माणसे आणि दावणीची जनावरे एकाच ढिगाऱ्याखाली गेली. शब्दार्थाने पाहिले तर बैलालाही प्राण आहे, तेव्हा ती जीवितहानीच. व्यवहाराने पाहिले तर 'पशुधन' या शब्दातच उत्तर आहे : ते धन, म्हणून वित्त. पंचनाम्यात 'दुधाळ जनावरे', 'ओढकाम करणारी जनावरे' असे रकाने असतात आणि मदत त्याप्रमाणे ठरते. बातमीत 'जीवितहानी' म्हटले की वाचक माणसेच समजतो, तेव्हा ती माणसांपुरती ठेवावी आणि जनावरांसाठी 'पशुहानी' हा वनखात्याच्या कागदांत रुळलेला शब्द आकड्यासह वेगळा लिहावा, असे मी सुचवीन. फक्त ती वित्तहानीच्या रकमेत मुरवून टाकू नये.

माझे आजोळ किल्लारीच्याच औसा तालुक्यातले. तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी यांतला एकही शब्द मी ऐकला नाही. 'दोन माणसं गेली, बैलजोडी गेली, घर गेलं', तिन्हींना एकच क्रियापद. 'हानी'चा मूळ धातू 'हा'. त्याचा अर्थ सोडणे, सोडून जाणे.