काळी जमीन आणि दोनच पाणी असतील तर बन्सी गव्हाचं कोणतं नवीन वाण पेरावं?

तुमचा प्रश्न असा: तीन एकर काळी जमीन, विहिरीचं दोन पाणी नक्की, तिसऱ्याचा भरवसा नाही. यंदा लोकवन, म्हणजे नेहमीचा पोळीचा गहू, सोडून ड्युरम, म्हणजे आपला रव्या-शेवयांचा बन्सी, पेरायचाय. तर नवीन वाण कोणतं, आणि भाव मिळेल का? तुमच्या प्रश्नाखाली एकाने 'डोळे झाकून पूसा तेजस टाका, एकरी तीस क्विंटल' असं लिहून ठेवलंय. ते वाचलं आणि हातातला चहा गार झाला, म्हणून लिहितोय. मी शेवगाव तालुक्यातला. मुळा धरणाच्या कालव्याचं शेपूट आमच्याकडे येतं, म्हणजे कागदावर येतं.

तेजस वाण खोटं नाही. इंदूरच्या गहू संशोधन केंद्राचं एचआय 8759 ते हेच. पण त्याची शिफारस मध्य भारतासाठी आहे: मध्य प्रदेश, गुजरात, त्या पट्ट्याला. तिथली थंडी आपल्यापेक्षा लांब टिकते आणि तिथे त्याला तीन ते पाच पाणी देतात. एकरी तीस हा आकडा हेक्टरी 75 क्विंटलवरून आलाय, आणि ती त्या वाणाची कमाल आहे, चाचणीतल्या वाफ्यातली. सरासरी त्याच्या बरीच खाली. आपला महाराष्ट्र आणि कर्नाटक हा वेगळा विभाग धरतात, द्वीपकल्पीय. त्यामागे कारण आहे. निलगिरी-पळणीच्या डोंगरांत गव्हाचा तांबेरा रोग, म्हणजेच गेरवा, वर्षभर जिवंत राहतो आणि तिथून वाऱ्यावर उत्तरेकडे सरकतो, वाटेत पहिले आपण लागतो. महाबळेश्वरात गेरव्याचं संशोधन केंद्र उगाच नाही काढलेलं. त्यामुळे इंदूरहून मागवलेली गोणी पेरायची असेल तर पेरा, पण ती 'नवीन वाण' म्हणून नको, जुगार म्हणून पेरा.

आता तुमच्या पाण्याला बसणारी नावं. मर्यादित पाण्यावर, वेळेवर पेरणीसाठी आपल्या विभागाला 2020 च्या सुमारास तीन आली: पुण्याच्या आघारकर संस्थेचं एमएसीएस 4058, आणि इंदूरचीच पण आपल्यासाठी सोडलेली एचआय 8802 आणि एचआय 8805. त्यानंतर निफाडच्या गहू संशोधन केंद्राचं एनआयडीडब्ल्यू 1149. अगदी जिरायत धरायचं असेल तर एमएसीएस 4028, साधारण 102 दिवसांत निघतं. प्रथिनं 14.7 टक्के, जस्त आणि लोह दोन्ही चांगलं. उत्पन्न मात्र हेक्टरी 19.3 क्विंटल, म्हणजे एकरी पावणेआठ. हे ऐकून तोंड वाकडं करू नका, एकही पाणी न देता आलेलं आहे ते. भरपूर पाणीवाल्यांना एमएसीएस 3949, डीडीडब्ल्यू 48, किंवा जुनं पण खात्रीचं गोदावरी, म्हणजे एनआयडीडब्ल्यू 295.

यातलं कोणतं? खरं सांगू, जे प्रमाणित बियाणं दिवाळीपर्यंत हातात पडेल ते. मर्यादित पाण्याच्या त्या चारांत मला उत्पन्नात दहा-पंधरा टक्क्यांचाच फरक दिसतो, आणि बन्सीचं नुकसान वाणाने होत नाही. कशाने होतं ते माझ्या बांधावर घडलेलं आहे.

2021 च्या रब्बीत आम्ही गोदावरी पेरलं. आम्ही म्हणजे मी आणि दादा. वाटण्या झाल्यात, पण ती दोन एकरांची पट्टी अजून एकत्र करतो: वरचा एकर माझा, खालचा त्याचा, मध्ये फूटभर बांध. बियाणं एका गोणीतलं, पेरणी एकाच पाभरीने, तारीख 8 नोव्हेंबर. दादाचा पहिल्यापासून विरोध. त्याचं म्हणणं, लोकवनने आपल्या बापाला तीस वर्षं खाऊ घातलं, हे शेवयांचे चोचले कशाला? मी म्हटलं, लोकवन यायच्या आधी आजोबा बन्सीच पेरत होते, खताशिवाय, नुसत्या जमिनीच्या ओलीवर. तो म्हणाला, म्हणूनच आजोबा कर्जात गेले.

खताचं आमचं ठरलं होतं. बागायतीला हेक्टरी 120 किलो नत्र, अर्धं पेरताना, अर्धं तीन आठवड्यांनी. मी दिलं. दादाने दुसरा हप्ता दिलाच नाही, 'पीक हिरवंगार आहे, युरिया काय फुकट येतो का' म्हणून. आणि पाणी मात्र सढळ. त्या वर्षी कालव्याचं आवर्तन अनपेक्षित मिळालं. मी तीन पाण्यांवर थांबलो, विसाव्या, चाळिसाव्या आणि साठाव्या दिवसाच्या आसपास. दादाने पाच दिली, शेवटचं तर दाणा पक्का व्हायला लागल्यावर, रात्री, मला न सांगता. सकाळी बांधावर उभा राहिलो तर खालच्या एकराच्या सऱ्यांत पाणी चकाकत होतं आणि दादा बिडी ओढत म्हणाला, 'पाणी सोडून द्यायचं का मग?' लोंब्या त्याच्याच मोठ्या होत्या, हे मान्य. येणारा-जाणारा त्याच्याच एकराकडे बघून थांबायचा.

मळणी झाली. वरच्या एकरात सोळा क्विंटल, खालच्यात अठरा. दादाने दोन दिवस मिशीवर ताव दिला.

मग गहू बाजारात नेला. व्यापारी बन्सीतला जुना माणूस होता, रवा गिरणीला माल पाठवणारा. त्याने काटा लावायच्या आधी दोन्ही गोण्यांतून मूठ-मूठ घेतली, खिशातून ब्लेड काढलं आणि दाणे आडवे कापत बसला. माझा दाणा आतून काचेसारखा, मधाच्या रंगाचा. दादाचे दहातले चार अर्धे खडूसारखे पांढरे. व्यापारी एवढंच म्हणाला, 'याचा रवा पडत नाही, पीठ होतं.' माझ्या गव्हाला क्विंटलमागे तीनशे रुपये जास्त दिले. दादाचा घेतला लोकवनच्या भावात, वर पन्नास कापून, कारण तो धड लोकवनही नव्हता.

बन्सीला जी काही किंमत आहे ती त्या काचेची आहे. दाणा कडक असेल तर दळताना त्याचा कणीदार पिवळा रवा निघतो. पोट पांढरं पडलं की ते मऊ होतं आणि चुरा होतो. नत्र कमी पडलं आणि पाणी जास्त झालं की हे होतं. लोकवनला तेवढ्याने कोणी नाव ठेवत नाही, त्याचं पीठच करायचं असतं. दादाने बन्सीला लोकवनसारखं वागवलं आणि वर आजही सांगतो की बियाणंच खोटं होतं. एकाच गोणीतलं बियाणं, तरी! पावती माझ्याकडे अजून आहे. लग्नकार्यात विषय निघाला की मी ती दाखवतो, बायको टेबलाखालून पाय मारते.

म्हणून तुमच्यासारख्या दोन पाणीवाल्याला मी उलट नशीबवान समजतो. तुमच्या हातून जास्त पाणी जाणारच नाही. दोन असतील तर पहिलं विसाव्या-बाविसाव्या दिवशी, दुसरं साठ ते पासष्टच्या दरम्यान. एकावरच आलं तर चाळीस-बेचाळीसाव्या दिवशी. तिसरं मिळालं तर ते या दोघांच्या मधे चाळीस-बेचाळीसाला द्या, शेवटी नाही. युरियाचा दुसरा हप्ता चुकवू नका आणि तो पहिल्या पाण्याच्या बेतानेच द्या. पेरणी 15 नोव्हेंबरच्या पुढे नेऊ नका, फेब्रुवारीतलं ऊन दाणा बारीक करतं. बन्सीचा दाणा मुळात टपोरा असतो, त्यामुळे लोकवनच्या हिशोबाने बी मोजलं तर पीक विरळ उगवतं, एकरी चार-पाच किलो वाढवा.

भावाचं विचारलंत. हमीभाव बन्सीला वेगळा नाही, गहू म्हणजे गहू, 2025-26 च्या हंगामाला 2,425 रुपये होता तोच सगळ्याला. जास्तीचे पैसे मिळाले तर ते गिरणीकडून किंवा घरगुती गिऱ्हाइकाकडून. गिरणीला ट्रकभर माल लागतो, तुमच्या तीन एकरांत तेवढा निघणार नाही. पेरणीआधी शेजारच्या चार-पाच जणांना गाठा आणि सगळे एकच वाण पेरा. नाहीतर मार्चमध्ये शेवया करणाऱ्या बायकांचे गट शोधा, त्या आमच्याकडून दर वर्षी सहा-सात क्विंटल नेतात आणि आडत द्यावी लागत नाही. हार्वेस्टर लावणार असाल तर आधी तो कोणाच्या शेतातून आलाय ते विचारा, टाकीत लोकवन राहिलेला असतो. पाच टक्के भेसळ झाली की व्यापारी ब्लेडही बाहेर काढत नाही, सरळ लोकवनचा भाव सांगतो.

पोळीबद्दल लोक घाबरवतील. बन्सीची पोळी पिवळसर आणि गार झाल्यावर जरा चिवट होते, हे खरं. आमच्याकडे आईला तीच हवी असते, मुलं हात लावत नाहीत. घरखर्चाला लोकवनचे चार वाफे वेगळे ठेवा, भांडण मिटेल.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. दादाचा एकर खोलगट आहे, माती जास्त भारी, पाणी तिथे तसंही साचतं. आणि त्याच्या गव्हाची कापणी माझ्यानंतर आठ दिवसांनी झाली, मधल्या काळात एक रात्र पाऊस पडून गेला. पिकलेला गहू भिजला तरी पोट पांढरं पडतं. त्यामुळे सगळा दोष त्या पाचव्या पाण्याचा आणि वाचवलेल्या युरियाचा आहे, असं शपथेवर नाही सांगता येणार. दादाला हे वाक्य दाखवू नका. तुमची जमीन हलकी किंवा चोपण, म्हणजे खारवट, असेल तर वरचं काहीच धरू नका, मला तिचा अनुभव नाही.

बियाण्यासाठी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच निफाडला किंवा आघारकरला फोन करा, नवीन वाणाच्या गोण्या थोड्या असतात आणि लवकर संपतात. एकदा शुद्ध बी मिळालं की पुढची तीन वर्षं घरचं चालतं, गव्हाला दर वर्षी विकत घ्यायची गरज नाही. फक्त ते वेगळ्या कोठीत ठेवा. आमच्याकडे एका वर्षी कोणीतरी बन्सी आणि लोकवनचं बी एकत्र ओतलं. कोणी ते मी लिहीत नाही.