चांदीची तार घेण्याआधी

मित्रा, घरी ऑडिओ केबल बनवायला चांदीची तार हवी, तर पुण्यात सोन्या मारुती चौकाच्या आसपास तार ओढून देणारा कारागीर शोध आणि ९९९ (म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध) चांदीच हवी असं ठासून सांग. दागिन्यांची ९२.५ नको, तिच्यात बहुतेकदा तांब्याची भेसळ असते. ०.५ मिलिमीटरची तार मीटरला साधारण २ ग्रॅम भरते. डाव्या-उजव्याच्या मीटरभर आरसीए जोडीला (प्लेअर अ‍ॅम्प्लिफायरला जोडणाऱ्या केबली) ८ ग्रॅम धर, कारण प्रत्येक केबलीत दोन तारा लागतात. ओढलेली तार ताठ होते, म्हणून तापवून नरम करून घे. मी पहिल्यांदा तशीच वापरली, तर प्लगपाशी वाकवता वाकवता तुकडा हातात आला. फार हळहळलो. टेफ्लॉनची नळी तपकीर गल्लीत विचार. नळीत सरकवण्याआधी तार स्पिरिटने पूस. स्पीकरच्या लांब वायरींना मात्र तांबंच बरं. चांदीची वाहकता जेमतेम ६ टक्के जास्त.