देवदार कुठे, चीड कुठे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: उत्तराखंडात १९०० मीटर उंचीवर आमची थोडी जमीन आहे. एक उतार दक्षिणेकडे, कोरडा आणि मुरमाड. दुसरा उत्तरेकडे, ओलसर. मधल्या सपाटीवर पावसाळ्यात पाणी साचतं. सगळीकडे देवदार लावला तर चालेल का?

उत्तर: सगळीकडे नको. यातला उत्तरेचा उतार तेवढा देवदाराचा. त्याला खोल माती लागते, ओल धरणारी पण पाणी न तुंबणारी. कोवळेपणी तो थोडी सावलीही सोसतो. त्याच उतारावर जुन्या झाडांची दाट सावली असेल तर तिथे थुनेर, म्हणजे हिमालयातला यू, लावता येईल. वाढ फार सावकाश, आणि पाला गुराढोरांना विषारी, म्हणून चराईच्या वाटेवर तो नको.

दक्षिणेचा उतार चिडाचा, म्हणजे चीर पाइनचा. कडक ऊन, पातळ माती, कोरडा वारा हे सगळं तो पचवतो, सावलीत मात्र खुरटतो. रोपं घेताना चीड आणि कैल (निळा पाइन) यांत गल्लत होते, म्हणून सुयांचा एक झुबका तोडून मोजा: चिडाच्या ३, कैलच्या ५. कैलला जास्त गारवा आणि ओल लागते. तुमची उंची म्हणजे त्याची जवळजवळ खालची हद्द, तेव्हा त्याच्यावर भिस्त ठेवू नका. चिडाबाबत एक काळजी घ्यावीच लागेल. त्याच्या वाळक्या सुयांचा थर, म्हणजे पिरूल, उन्हाळ्यात भराभर पेटतो. जाड सालीमुळे मोठी झाडं बहुधा वाचतात, पण लहान रोपं जळून जातात. घराच्या बाजूला चीड न लावता बांज, म्हणजे ओक, लावा.

सपाटीवर आधी निचरा तपासा. ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या खेपेला तासाभरात पाणी अडीच सेंटिमीटरही उतरलं नाही, तर तिथे देवदार, चीड, कैल यांतलं काहीच लावू नका. तुंबलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. वरून झाड तहानलेलं दिसतं, आपण आणखी पाणी घालतो आणि उरलेली मुळंही जातात. अशा जागी उतीस हे रुंद पानांचं झाड चांगलं.

जमिनीतला दगडही पाहून ठेवा. त्याची पूड करून वर व्हिनेगर टाकलं आणि बुडबुडे आले, तर ती बहुधा चुनखडी. चुनखडीवर सुरई, म्हणजे हिमालयातला सायप्रस, उत्तम येते.

प्रश्न: मागच्या पावसाळ्यात लावलेली देवदाराची रोपं यंदा शेंड्याकडून तपकिरी पडताहेत. पाणी वेळेवर देतो. काय चुकलं?

उत्तर: एक रोप उपटून मुळं बघा. पिशवीच्या आकारात गोल गुंडाळलेली असतील तर दोष तिथेच आहे. अशी मुळं बाहेरच्या मातीत शिरतच नाहीत. पुढच्या वेळी पिशवी पूर्ण काढा, तळाची वेटोळी कापा आणि बाजूची मुळं बोटांनी मोकळी करा. खड्डा ४५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल असावा. खोड आणि मूळ जिथे जुळतात तो भाग जमिनीच्या पातळीतच राहू द्या. तो गाडला गेला की साल कुजते. पालापाचोळ्याचं आच्छादन ५ ते ८ सेंटिमीटर जाड पसरा, पण खोडापासून वीतभर दूर. ताजं शेणखत अजिबात नको. त्याऐवजी जुन्या देवदाराखालची दोन-तीन मुठी माती खड्ड्यात मिसळा. मुळांना अन्न-पाणी मिळवून देणारी बुरशी त्या मातीतून येते.

प्रश्न: किन्नौरसारख्या कोरड्या खोऱ्यात, २६०० मीटरवर, काय लावावं?

उत्तर: चिलगोजा, म्हणजे खाण्याच्या बियांचा पाइन. खडकाळ, कोरडा उतार ही त्याची हक्काची जागा. मात्र तो फार हळू वाढतो. पहिली काही वर्षं कुंपण हवंच, नाहीतर शेळ्या शेंडा ठेवत नाहीत. अशा खोऱ्यांत पावसाळ्याचा भरवसा नसतो, म्हणून बर्फ वितळल्यावर जमीन ओली असतानाच लावणी उरका.

प्रश्न: सह्याद्रीत लावायला देशी सूचिपर्णी झाड कोणतं? सुरू चालेल का?

उत्तर: सुरू सूचिपर्णी नाहीच, ते फुलं येणाऱ्या (सपुष्प) वनस्पतींतलं झाड आहे. त्याची एक ‘सुई’ हलकेच ओढून बघा, ती सांध्यावर सुटते. म्हणजे ती हिरवी काडी. खरी पानं त्या सांध्याभोवती, बारीक दातांसारखी असतात. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत कोणतंही सूचिपर्णी झाड निसर्गतः उगवत नाही. पार दक्षिणेकडे केरळ-तमिळनाडूच्या सदाहरित जंगलांत नेजिया वालिचियाना हे एकच आढळतं, आणि त्याची पानं चक्क रुंद असतात. देशीच हवं असेल तर सह्याद्रीत सूचिपर्णींचा नाद सोडा आणि जांभूळ, हिरडा, अंजनी लावा.