पहिल्या भाकरीला कारण नव्हतं

"सुट्टी मिळाली ओ मॅडम, पण बसवत नाही."

बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की सुरुवात झाली की शेवट मला ठाऊक असतो. कधी वीस वर्षं रात्रपाळी केलेली नर्स असते, कधी मे महिन्याच्या सुट्टीतली शिक्षिका, कधी नुकताच निवृत्त झालेला बँकेतला माणूस. तक्रार एकच. हातातलं काम सुटलं की जिवाला चैन पडत नाही, आणि पडलीच तर तिची लाज वाटते. या सगळ्यांना एकदाच उत्तर द्यावं म्हणून एका पाळकसाहेबांची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय बावन्न, मराठी ख्रिस्ती मंडळीचे पाळक. चौदा वर्षं रविवारची उपासना, घरभेटी, लग्नं, अंत्यविधी, मंडळीतली भांडणं. मंडळीनं कौतुकानं तीन महिन्यांची सब्बॅटिकल, म्हणजे दीर्घ विसाव्याची, रजा दिली, मार्च ते मे. प्रवास करा, वाचा, प्रभूजवळ निवांत बसा, असं सांगून पाठवलं. पाचव्या आठवड्यात ते माझ्याकडे आले ते छातीत धडधडतंय म्हणून. डॉक्टरांनी तपासून हृदय ठणठणीत असल्याचं आधीच सांगितलं होतं.

सोबत एक वही होती. कणकुंबीला मलप्रभेचा उगम, हलशीची देवळं, चोर्ला घाटानं उतरून जुनं गोवं, गोकाक. प्रत्येक पानावर तारीख, वाचलेला अध्याय, प्रार्थना किती मिनिटं केली ते, आणि उजवीकडे समास आखून ‘बोध’. गोकाकच्या पानावर तो रकाना कोरा होता.

"इथं काय झालं?"

"एप्रिलात काय असणार तिथं? धबधब्याला पाणी नाही, नुसता काळा खडक. झुलत्या पुलावरनं फिरून परत आलो. काही मिळालं नाही."

"ही वही कुणाला दाखवायची आहे?"

बराच वेळ ते पंख्याकडे बघत राहिले. "मंडळीला काहीतरी द्यायला नको काय? तीन महिने बसून पगार खातोय मी."

‘खातोय’ हे क्रियापद मी कागदावर लिहून ठेवलं. मी माणसांची क्रियापदं ऐकते, यावरून माझे सहकारी मला हसतात. पण प्रसंगानं माणूस जितका थकतो त्याहून जास्त त्या प्रसंगाबद्दल स्वतःशी बोललेल्या वाक्यानं थकतो, असं माझं मत आहे. ते वाक्य सापडलं की निम्मं काम झालं.

तिसऱ्या भेटीत ते सापडलं. वडील, म्हणजे आप्पा, खानापूरकडचे, दुसऱ्याच्या रानात भात करणारे. लहानपणी कुणी दुपारचं आडवं झालेलं दिसलं की ते म्हणायचे, "खायला काळ अन् भुईला भार." रागानं नव्हे, सहज, पाऊस आला म्हणावं तसं. मुलगा तापानं फणफणला असतानाही तेच.

मी लगेच म्हणाले, "आणि आता हेच वाक्य तुम्ही देवाच्या तोंडी घातलंय."

बरोबर होतं, पण घाई झाली. पाळकाला असं कुणी तोंडावर बोलत नाही. पुढच्या आठवड्याची भेट त्यांनी रद्द केली. त्या मोकळ्या तासात मी मराठी बायबल काढून बसले. मिशनच्या शाळेत शिकल्यामुळे गोष्टी माहीत होत्या, पण अर्धवट.

ते परत आले तेव्हा मी एवढंच म्हणाले, "एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगाल?"

सुंदर सांगितली त्यांनी. कर्मेल डोंगरावरचा अग्नी, ईजबेल राणीची धमकी, रानातलं पळणं, रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागणं. मग देवदूत येतो, ऊठ, खा, तुला लांबचा पल्ला गाठायचाय म्हणतो. मग चाळीस दिवस, चाळीस रात्री चालणं, होरेब डोंगर, वारा, भूकंप, अग्नी, आणि शेवटी ती मंद वाणी.

मरणाचा उल्लेख आला म्हणून मी आधी सरळ विचारलं, तुमच्या मनात असं काही येतं का? नाही म्हणाले, आणि मला ते पटलं. (हा प्रश्न विचारायला घाबरू नये. विचारल्यानं कुणाच्या मनात तो विचार शिरत नाही.)

"देवदूत किती वेळा आला?"

"एकदा." मग थांबले. "नाही, दोनदा."

पहिलं राजे, एकोणिसावा अध्याय. त्यांनी चष्मा लावला. एलीया झोपलाय. देवदूत त्याला स्पर्श करून म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर, पाण्याचं भांडं.

"मग?"

"खाल्लं, प्याला, आणि पुन्हा झोपला."

"देवदूत काय म्हणाला त्यावर?"

"काही नाही."

"आणि तो लांबचा पल्ला?"

"तो दुसऱ्या खेपेला सांगितलाय." बोट ओळीवरच होतं. गेटची घंटा वाजली, गाडी गेली, तरी ते हलले नाहीत. "म्हणजे पहिल्या भाकरीला कारणच नाही. किती वर्षं सांगतोय हा उतारा. दर वेळी पहिली भाकर गाळली ओ मी."

आणि ते रडले. मी काही बोलले नाही. मनातून मात्र मला फार आनंद झाला होता, तो लपवत नाही. असे तास वर्षात दोन-तीनच मिळतात. त्यांच्याच पुस्तकात, त्यांच्याच आवाजात उत्तर मिळालं होतं. मी फक्त ‘किती वेळा’ एवढं विचारलं होतं.

बसवत नाही म्हणणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं इथूनच सुरू होतं. आपण विश्रांतीला ताबडतोब कामाला जुंपतो. झोप का, तर उद्या ताजंतवानं व्हायला. प्रवास का, तर दृष्टी विस्तारायला. मग ती झोपही एक पाळीच झाली, तिचाही हिशेब आला. पाळकसाहेबांना मी तीनच गोष्टी सांगितल्या. वही आठवडाभर कपाटात. रोज अर्धा तास काही न घेता बसायचं, बायबलही नाही. हे त्यांना फार जड गेलं. आणि अपराधी वाटलं तर ते घालवायचं नाही, फक्त ओळखायचं, ‘हे आप्पांचं वाक्य’. पहिल्या दिवशी सहा मिनिटांत उठले. चौथ्या दिवशी अंगणात बसल्या बसल्या डुलकी लागली. ते घाबरत घाबरत सांगत होते, मी पेढे वाटायचीच बाकी होते.

अर्थात प्रत्येकाचं एवढ्यावर भागत नाही. झोप उडालीय, आवडीचंही गोड लागत नाही, आठवडेच्या आठवडे असंच चाललंय, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जा, लेख वाचत बसू नका.

पुढच्या खेपेला तेच बायबलमधलं लेवीय हे पुस्तक घेऊन आले. सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायचा, पेरायचं नाही, हे पंचविसाव्या अध्यायात आहे. "आप्पा म्हणायचे भुईला भार. इथं तर भुईलाच रजा दिलीय!" आमच्याकडे चिकोडी-रायबागच्या उसाच्या पट्ट्यात लागण, खोडवा, पुन्हा लागण, जमिनीला उसंतच नाही. तिथं हा अध्याय कुणी ऐकून घेईल का, या विषयावर आम्ही वीस मिनिटं घालवली. माझ्या वेळापत्रकात असल्या गप्पा बसत नाहीत, पण त्या दिवशी बसवल्या.

त्याच भेटीला पाळकीणबाईही आल्या होत्या. साहेबांनी शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा म्हणून दाखवली. तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, जनावरं, तुझ्या वेशीच्या आतला परका, कुणीच काम करायचं नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "यादीत बायको कुठाय?"

खोलीत हशा पिकला, पण मला चटका बसला. तीन महिने साहेब विसाव्याशी झगडत होते आणि त्या झगड्याचा डबा पहाटे पाचला उठून कोण भरत होतं, हे मी इतक्या भेटींत एकदाही विचारलं नव्हतं. क्रियापदं ऐकणारी मी, कर्ता विसरले. हल्ली पहिल्याच भेटीत विचारते, तुमच्या सुट्टीचा स्वयंपाक कोण करतं?

मेअखेरीस ते शेवटचे आले, हातात करदंटाचा, म्हणजे गोकाकच्या मिठाईचा, पुडा. पुन्हा गोकाकला गेले होते. पाणी नव्हतंच. पुलापलीकडे दगडावर दुपारभर बसलो, म्हणाले. वही नेली नव्हती.

"आणि बाई?"

"निपाणीला, बहिणीकडं. आठ दिवस झाले."

"काही कार्यक्रम आहे?"

"नाही ओ," ते पुड्याची दोरी सोडत म्हणाले. "असंच."