‘कॉफी घेतेस का, म्हटलं’

प्रश्न : मी पुण्यात स्पॅनिश शिकले, आता शिक्षणासाठी माद्रिदला आहे. घरातली मैत्रीण काही बोलली आणि ऐकू आलं नाही, की मी ‘के?’ (काय?) विचारते. मग ती जोरात म्हणते, ‘के सी किएरेस काफे!’ ती चिडते का? शिवाय किस्से सांगताना ती सारखं ‘इ बा इ मे दीथे’ म्हणते. ‘बा’ म्हणजे ‘जातो’ ना?
– एक वाचक

उत्तर : चिडत नाही हो! पहिल्यांदा तिने ‘किएरेस काफे?’ असं साधं विचारलं होतं. दुसऱ्या वेळी ती आपलाच प्रश्न कळवते आहे : ‘कॉफी घेतेस का, म्हटलं.’ आपलं ‘म्हटलं’ शेवटी येतं, त्यांचा ‘के’ (इथे ‘काय’ नव्हे, ‘की’) सुरुवातीला; ‘सी’ म्हणजे आपलं प्रश्नातलं ‘का’. ‘विचारते’ हे क्रियापद गाळलेलं असतं, एवढंच.

मी हे स्पेनमधल्या सालामांका शहरात शिकले. घरमालकीणबाईंच्या यजमानांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्या घरात निम्मी वाक्यं ‘के’नेच सुरू व्हायची. ‘तिएनेस फ्रीओ?’ (थंडी वाजतेय?) दुसऱ्यांदा ‘के सी तिएनेस फ्रीओ’ होई. ‘कुठे’, ‘कधी’ असे शब्द असले की ‘सी’ जाई : ‘के दोंदे बास’ (कुठे जातेस, म्हटलं). मात्र आज्ञा असेल तर सांभाळा. ‘बेन!’ (ये!) पुन्हा सांगताना ‘के बेंगास’ होतं, क्रियापदाचं रूपच बदलतं. माझे विद्यार्थी इथे हमखास ‘के बेन’ म्हणतात. ते चूक आहे. आईचा निरोप सांगायचा तरी हेच रूप : ‘के दीथे मामा के बेंगास’, म्हणजे ‘आई म्हणते, ये.’

‘बा’ म्हणजे ‘जातो’ हे खरं, पण इथे कुणी कुठे जात नाही. ‘इ बा इ मे दीथे’ म्हणजे आपलं ‘आणि मला म्हणतो कसा!’ पुढे अनपेक्षित काहीतरी येणार, याची ती खूण. गोष्ट कालची असली तरी क्रियापद वर्तमानकाळी. आपणही कालचीच हकिकत ‘येतो काय, म्हणतो काय’ अशी सांगतो. पुस्तकातलं ‘दीखो के बेनीआ’ (येतोय म्हणाला) बरोबरच आहे, पण स्वयंपाकघरात ऐकू येतं ते ‘बा’वालं.

पुढेमागे मेक्सिकोची किंवा कोलंबियाची मैत्रीण भेटली, तर तिच्या तोंडी ‘दिसके’ ऐका. ‘दिसे के’ (म्हणतो की) जुळून झालेला शब्द. ‘दिसके एस्ता एन्फेर्मो’ : आजारी आहे म्हणे! तो आजार खरा की नाही, याची शंकासुद्धा आपल्या ‘म्हणे’सारखी त्यात येते. मला तो शब्द फार आवडतो.