वाचकांचे प्रश्न : कंपायलरच्या ऑप्शनचं मॅन्युअल

(छपाईच्या सोयीसाठी या पानावर ऑप्शन नागरीत दिले आहेत. तुमच्या मॅन्युअलमध्ये ते टाइप करतात तसेच, रोमन अक्षरांत ठेवा.)

प्रश्न : आमच्या गटाने एका लहान भाषेचा कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालवता येणारा प्रोग्रॅम करणारं साधन) लिहिला आहे. कमांडसोबत द्यायचे ऑप्शन साठाच्या घरात गेले. ‘--हेल्प’मधल्या ओळी तशाच मॅन्युअलमध्ये टाकल्या तर भागेल का?

उत्तर : नाही भागणार. ‘--हेल्प’ बघतो तो ऑप्शनचं नाव विसरलेला माणूस. मॅन्युअल उघडतो तो बहुधा बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्याचं काम, अडकलेला. त्याला कळायला हवं की ऑप्शन दिलाच नाही तर काय होतं, दोनदा दिला तर कोणता धरला जातो, बंद कसा करायचा आणि त्याच्या आडून आणखी काय चालू होतं.

समजा तुमच्याकडे नोंद आहे, ‘--ओव्हरफ्लो : ओव्हरफ्लो तपासतो’. तीच अशी लिहून पाहा :

‘--ओव्हरफ्लो=रीत. पूर्णांकांची बेरीज, वजाबाकी किंवा गुणाकार मर्यादेबाहेर गेल्यास काय करायचं ते ठरवतो. रीत “ट्रॅप” असेल तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो. “रॅप” असेल तर वरचे बिट गळतात आणि काम पुढे चालू राहतं. डिफॉल्ट “ट्रॅप”, मात्र -ओ२ दिल्यास “रॅप”. हा ऑप्शन स्वतंत्रपणे दिला असेल तर -ओ२ आधी असो वा नंतर, हाच चालतो. एकाहून जास्त वेळा दिल्यास शेवटचा धरतात. बरोबरचं चिन्ह आवश्यक. मध्ये जागा सोडलेली चालत नाही.’

यातलं ‘मात्र -ओ२ दिल्यास’ हे अर्धं वाक्य सर्वांत मोलाचं. -ओ२ ही ऑप्टिमायझेशनची, म्हणजे प्रोग्रॅम वेगवान करण्याची, पातळी; ती बहुधा रिलीज बिल्डमध्येच देतात. ते नसेल तर डीबग बिल्डमध्ये थांबणारा प्रोग्रॅम रिलीज बिल्डमध्ये चुकीचं उत्तर देत सुटतो, आणि माणूस चूक स्वतःच्या कोडमध्ये शोधत बसतो.

क्रमाबद्दल ‘शेवटचा धरतात’ हे सगळ्यांना सरसकट लावू नका. जीसीसी या प्रसिद्ध सी कंपायलरचंच बघा. ऑप्टिमायझेशनच्या पातळ्या अनेक दिल्या तर शेवटची लागू होते. हेडर शोधायच्या डिरेक्टऱ्या, म्हणजे ‘-आय’, साठत जातात आणि डावीकडून उजवीकडे शोधल्या जातात. लायब्ररीच्या ‘-एल’चं तिसरंच : तो ओळीत कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून. स्टॅटिक लायब्ररी तिला वापरणाऱ्या ऑब्जेक्ट फाइलच्या आधी लिहिली, तर लिंकर (सगळे तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करणारा) तिच्यापाशी येतो तेव्हा त्याला तिच्यातलं काहीच नको असतं. पुढे ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतो. तुमचा प्रत्येक ऑप्शन या तिघांपैकी कुठे बसतो ते नोंदीतच लिहा.

नाव फसवं असेल तर पहिल्याच वाक्यात कबूल करा. जीसीसीचा ‘-डब्ल्यूऑल’ नावात ‘ऑल’ असूनही सगळ्या वॉर्निंग चालू करत नाही. आणखी काही ‘-डब्ल्यूएक्स्ट्रा’ने येतात, आणि तरीही कित्येक उरतातच. स्मॉल ओ म्हणजे आउटपुट फाइल आणि कॅपिटल ओ म्हणजे ऑप्टिमायझेशन, हे तर दोन्ही नोंदींत एकमेकांचा हवाला देऊन सांगावं.

प्रश्न : चालू-बंद अशा जोडीतले दोन्ही ऑप्शन लिहायचे का?

उत्तर : जीसीसीच्या मॅन्युअलची रीत अशी की ‘-एफ’च्या जोडीतलं (चालू करायला ‘-एफ…’, बंद करायला ‘-एफनो-…’) डिफॉल्ट नसलेलं रूप तेवढं द्यायचं. जागा वाचते. पण दुसऱ्याच्या मेकफाइलमध्ये (बिल्डच्या कमांड लिहिलेल्या फाइलीत) ‘-एफनो’वालं रूप दिसलेला माणूस तेच शोधतो आणि त्याला काहीच सापडत नाही. वर्णन एकदाच लिहा, सूचीत मात्र दोन्ही नावं घाला.

प्रश्न : कोडमध्ये ऑप्शन बदलतो, मॅन्युअल मागे राहतं. उपाय?

उत्तर : ऑप्शनची व्याख्या एकाच फाइलीत ठेवा : नाव, किंमत कशी घेतो, डिफॉल्ट, वर्णन. पार्सर (दिलेले ऑप्शन वाचणारा भाग), ‘--हेल्प’ आणि मॅन्युअलची यादी तिघंही तिथूनच तयार होऊ द्या. क्लँग या दुसऱ्या सी कंपायलरचा ऑप्शन-संदर्भ असाच व्याख्यांच्या फाइलीतून निघतो. या पद्धतीचा दोषही तिथेच दिसतो : बऱ्याच नोंदींत नुसतं नाव, वर्णनाचा पत्ता नाही. म्हणून वर्णन रिकामं असेल तर बिल्डच पडेल अशी तपासणी लावा. मुद्दाम लपवलेल्या ऑप्शनसाठी ‘अंतर्गत’ अशी वेगळी खूण ठेवा, म्हणजे विसरलेला कोणता आणि लपवलेला कोणता हे कळेल. मॅन्युअलमधलं प्रत्येक उदाहरण टेस्टमध्ये खरोखर चालवा.

प्रश्न : मॅन्युअलमधली कमांड कॉपी केली की ‘अशी फाइल नाही’ म्हणतो. टाइप केली की चालते.

उत्तर : डॅशचा घोळ. वर्ड प्रोसेसर दोन हायफनचा एक लांब डॅश करतो. कंपायलरला तो हायफन वाटत नाही, म्हणून अख्खा शब्द तो फाइलचं नाव समजतो. स्वयंचलित अवतरणचिन्हंही असाच घात करतात. कमांड नेहमी कोड म्हणून मांडा आणि आपोआप होणारे बदल बंद ठेवा. मॅन पेजच्या (युनिक्समध्ये ‘मॅन’ कमांडने दिसणाऱ्या मदतीच्या पानाच्या) मूळ मजकुरात ऑप्शनच्या हायफनआधी बॅकस्लॅश लागतो; नाहीतर छापताना तिथे दिसायला तसाच पण वेगळा हायफन येऊ शकतो. डोळ्यांनी फरक कळत नाही.

प्रश्न : डिफॉल्ट बदलला तर जुनी ओळ खोडून नवी लिहावी का?

उत्तर : खोडू नका, भर घाला. जीसीसीच्या १० व्या आवृत्तीने २०२० साली सी भाषेसाठी ‘-एफकॉमन’ऐवजी ‘-एफनो-कॉमन’ हा डिफॉल्ट केला, म्हणजे एकच ग्लोबल व्हेरिएबल अनेक फाइलींत लिहिलेलं चालेनासं झालं. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ न लावता व्हेरिएबल लिहिलेले जुने प्रोजेक्ट तोवर निमूट लिंक होत होते; मग ‘मल्टिपल डेफिनिशन’ येऊ लागलं. अशा वेळी नोंदीत कोणत्या आवृत्तीपासून बदल आहे, काय एरर दिसेल, जुनं वागणं कोणत्या फ्लॅगने परत मिळतं आणि खरी दुरुस्ती काय (हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’, व्याख्या एकाच सी फाइलीत) हे सगळं हवं. एररचा मजकूर शब्दशः द्या, कारण लोक सर्चमध्ये तोच चिकटवतात.